इतिहासकाराची जबानी आणि धाराशिवची मागील बाकी

इतिहासकार निःपक्षपाती असावा, हे वचन आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याचा अर्थ काय याचा विचार करण्याचे कोणास सुचतच नाही. निःपक्षपाती म्हणजे कोण? ज्यास गाव नाही, जात नाही, ज्याचे घर कधी लुटले गेले नाही आणि ज्याने कधी कोणा सरकारचे मीठ खाल्ले नाही, असा मनुष्य? असा मनुष्य शोधून सापडलाच, तर तो इतिहास लिहावयास बसेल कशासाठी? ज्यास भूतकाळाशी काही देणेघेणेच नाही, तो जुन्या कागदांची धूळ खाण्यात आपले आयुष्य खर्ची घालीत नाही. तात्पर्य, इतिहासकार हा कोठे तरी उभा असलेला मनुष्य आहे, आणि जेथे तो उभा आहे तेथून त्यास काही दिसते व काही दिसत नाही. हे गृहीत धरूनच त्याचा ग्रंथ हाती घेतला पाहिजे.

परंतु एवढे म्हटले की, दुसरे टोक गाठणारे लोक लगेच पुढे होतात. ते म्हणतात, प्रत्येकाचा अनुभव निराळा, म्हणून प्रत्येकाचे सत्य निराळे. आमचे आम्हांस, तुमचे तुम्हांस. हा युक्तिवाद ऐकण्यास उदार वाटला तरी वस्तुतः तो आळशी मनुष्याचा आहे. आमचे म्हणणे या दोहोंहून वेगळे आहे. अनुभव हा इतिहासकाराचा गुन्हा नव्हे. तो न सांगणे हा गुन्हा आहे. आणि हा अनुभव ग्रंथात शिरतो, तो बहुधा खोट्या मजकुराच्या रूपाने शिरत नाही. गोष्ट कोणत्या दिवशी सुरू करावयाची व कोणत्या दिवशी संपवावयाची, या साध्या दिसणाऱ्या निवडीच्या रूपाने तो शिरतो. हे विधान आम्ही आमच्याच धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासावरून सिद्ध करू इच्छितो.

प्रथम न्यायालयातील व्यवहार पाहू. खटल्यात जो साक्षीदार पिंजऱ्यात येतो, तो पुष्कळदा फिर्यादीचा भाऊ असतो, आरोपीचा शेजारी असतो, अथवा ज्याचे डोके फुटले तोच असतो. अशा हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष केवळ तो हितसंबंधी आहे एवढ्याच कारणाने न्यायाधीश फेकून देत नाहीत. ते ती अधिक बारकाईने तपासतात, इतकेच. सन १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ सालचा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी या धोरणात फरक पडलेला नाही, व पडण्याचे कारणही नाही. कारण ज्याने मार खाल्ला त्याच्याइतके मारणाऱ्याचे तोंड दुसऱ्या कोणी जवळून पाहिलेले नसते. मात्र मार खाण्यापूर्वी त्याने काय केले, आणि मारणारा पळून गेल्यावर त्याच्या घरच्या बायकापोरांचे काय झाले, हे तो आपण होऊन सांगत नाही. सरतपासणीत त्याची बाजू पुढे येते. उरलेले उलटतपासणीत बाहेर काढावे लागते. इतिहासाच्या न्यायालयात अडचण एवढीच की, साक्षीदार बहुधा मृत असतात. तेव्हा त्यांची उलटतपासणी दुसऱ्या साक्षीदारांच्या जबान्यांनी आणि कागदपत्रांनीच करावी लागते.

या जिल्ह्याच्या भूमीत राहून गेलेला व इतिहासावर लेखणी चालविणारा एक उल्लेखनीय पाश्चात्य लेखक म्हणजे फिलिप मेडोज टेलर. सन १८०८ मध्ये इंग्लंडात जन्मलेला हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १८२४ साली, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला आणि लवकरच निजामाच्या फौजेत दाखल झाला. त्याने विवाह केला तो हैदराबादचा प्रसिद्ध सावकार विल्यम पामर याच्या मुलीशी. आणि या पामरची आई मुसलमान घराण्यातील बेगम होती. सन १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा नळदुर्गाचा कारभार टेलरकडे आला. तो १८५७ पर्यंत येथे होता. पुढे १८६० च्या तहाने हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. टेलर त्याच सुमारास मायदेशी परतला आणि १८६३ साली त्याने ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा काळ सतराव्या शतकाच्या मध्याचा असून तुळजापूर हे तिचे एक प्रमुख स्थळ आहे. नायिका तेथील एका शास्त्र्याची मुलगी आहे, आणि ती अखेरीस अफजलखानाच्या मुलाची पत्नी होते. सन १८७० मध्ये त्याने विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थानचा इतिहासही लिहिला, व त्याचे आत्मवृत्त त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली बाहेर आले.

आता या मनुष्याची उलटतपासणी करा. अफजलखान हे नाव तुळजापुरास देवीच्या देवळाला उपद्रव देणारा म्हणून ठाऊक आहे. १६५९ सालची ती आठवण येथील लोकांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. टेलरने मात्र त्या घराकडे ममतेने पाहिले. का? ज्याची पत्नी एका बेगमेची नात, ज्याची उमेद निजामाच्या चाकरीत गेली, ज्याचे स्नेही हैदराबादच्या हवेल्यांत राहणारे, त्यास मुसलमान सरदाराचे घर म्हणजे माणसांचे घर दिसले, यात नवल काय? हा त्याचा पक्षपात खरा. परंतु याच पक्षपातामुळे जे इतर इंग्रज लेखकांच्या नजरेस पडले नाही, ते त्याच्या पडले, हेही तितकेच खरे. सुरापूरच्या बेडर राजाचे उदाहरण याहून बोलके आहे. या राजास टेलरने लहानपणापासून वाढविले होते. सन १८५८ मध्ये त्याने बंड केले, तो पकडला गेला, त्याची फाशी रद्द होऊन कैद झाली, आणि कैदेत जातानाच गोळी लागून त्याचा अंत झाला. सरकारी दप्तराच्या लेखी तो एक बंडखोर संस्थानिक. टेलरच्या आत्मवृत्तात तोच आपण वाढविलेला मुलगा आहे. दप्तर खोटे नाही; परंतु टेलरचा अनुभव नसता तर त्या राजाचा माणूस म्हणून चेहरा इतिहासास कदाचित दिसला नसता.

मग टेलरचा दोष कोठे? तो आत्मवृत्तात आपल्या कारभाराची हकीकत सांगतो, ती इंग्रजी अंमल नळदुर्गास आला त्या दिवसापासून. प्रजेस सुव्यवस्था मिळाली, ही गोष्ट त्यास आपल्या हातांनी केलेली म्हणून ठाऊक होती, आणि ती बरीचशी खरीही असेल. परंतु हा मुलूख त्याच्या हाती आला कसा? ज्या फौजेवर निजामाची पुरेशी सत्ताही नव्हती, तिच्या खर्चाचे कर्ज निजामाच्या माथी चढवून, मग त्या कर्जापोटी हा मुलूख घेतला गेला. ही मागील बाकी वाचकापुढे मांडली असती, तर सुव्यवस्थेचे ते जमेचे पान इतके गोजिरे दिसले नसते. प्रामाणिक मनुष्याचा पक्षपात असाच असतो: प्रत्येक रक्कम खरी, आणि आरंभीची शिल्लक मात्र गाळलेली.

इंग्रज लेखकांच्या या वृत्तीस उत्तर महाराष्ट्रातूनच निघाले, आणि ते कसे निघाले हे पाहण्यासारखे आहे. ग्रँट डफ हा सातारा दरबारी पोलिटिकल एजंट होता. ज्या राज्याचा पाडाव होताना त्याने पाहिला, त्याचाच इतिहास त्याने १८२६ साली प्रसिद्ध केला. जिंकणाऱ्याच्या खुर्चीवरून त्यास मराठ्यांचा उदय म्हणजे एक अकस्मात पेटलेला वणवा वाटला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६७ मध्ये त्या ग्रंथावर टीका केली. विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापून गावोगावचे दप्तर उजेडात आणले. न्यायमूर्ती रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० साली आला. त्यांच्याही आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला होता.

आता गंमत पाहा. रानड्यांचे आयुष्य प्रार्थनासमाजाच्या धर्मसुधारणेत गेले, म्हणून त्यांस स्वराज्याचे मूळ संतांच्या शिकवणीत दिसले. राजवाड्यांस तीच संतांची शिकवण निवृत्तीपर वाटली व बीज सापडले ते समर्थांच्या महाराष्ट्रधर्मात. फुल्यांस जातिभेदाचे चटके बसले होते, म्हणून त्यांच्या पोवाड्यात रयतेचा, कुणब्याचा राजा उभा राहिला. एकाच पुरुषाकडे पाहणारे हे तीन थोर डोळे, आणि तिघांचेही अनुभव निरनिराळे. यांतील कोणा एकाचा ग्रंथ जाळल्याने सत्य अधिक शुद्ध होईल, असे म्हणणारा मनुष्य शहाणा नव्हे. डफची चूक दुरुस्त झाली ती डफवर बंदी घालून नव्हे. दुसऱ्या बाजूचे कागद व दुसऱ्या बाजूचे डोळे पुढे आले म्हणून. महाराष्ट्राने इतिहासशास्त्रात जगास दाखविण्याजोगी जी गोष्ट केली ती हीच.

परंतु जे डफच्या बाबतीत आपण मोठ्या अभिमानाने केले, ते आपल्या अंगणातल्या १९४८ सालाच्या बाबतीत अद्याप पुरते केलेले नाही, आणि खरा प्रश्न येथे आहे.

त्या सालच्या घटना ज्यांविषयी वाद नाही त्या प्रथम सांगतो. हिंदुस्थान १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, पण निजामाच्या मुलखातील आपला जिल्हा झाला नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हिंदसरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. तिकडे मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची रझाकार फौज कासीम रझवीच्या हाताखाली वाढत गेली. हा रझवी मूळचा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, आणि सरहद्दीवरील अनेक कुटुंबे घरदार टाकून बार्शी-सोलापूरच्या आश्रयास गेली. रझाकारांस विरोध करणाऱ्या मुसलमानांचीही गय झाली नाही. ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौज सोलापूरकडून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या हाती आला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

एवढ्या पाच दिवसांस आज तीन नावे आहेत. मराठी घरांत त्यास मुक्तिसंग्रामाची सांगता म्हणतात, सरकारी व्यवहारात पोलीस कारवाई म्हणतात, आणि उर्दू लिहिणारे पुष्कळ जण सुकूते हैदराबाद, म्हणजे हैदराबादचा पाडाव, म्हणतात. जिल्ह्यासही दोन नावे होतीच: शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अलीखानाच्या, नावावरून उस्मानाबाद, आणि जुने धाराशिव, जे २०२३ साली सरकारी रीतीने परत आले. नाव परत आणण्यास एक राजपत्र पुरते. इतिहास परत आणण्यास ते पुरत नाही.

आता या प्रकरणातील साक्षीदार एकेक बोलवा. स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी शिकविले, तेथेच संन्यास घेतला, आणि पुढे स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले. जानेवारी १९४८ मध्ये ते तुरुंगात गेले व सप्टेंबरात सुटले. त्यांच्या आठवणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ज्याच्यासाठी तुरुंगाचे दार त्या सप्टेंबरात उघडले, त्यास तो महिना मुक्तीचा दिसावा, हे स्वाभाविक नव्हे काय? कन्हैयालाल मुनशी हे हिंदसरकारचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेत होते. त्यांचे पुस्तक १९५७ चे. त्यांस तो सगळा प्रसंग मुत्सद्देगिरीचा डाव म्हणून दिसतो. मीर लायक अली हे निजामाचे त्या वेळचे पंतप्रधान. ते नजरकैदेतून १९५० मध्ये निसटून पाकिस्तानात गेले व १९६२ साली त्यांनी हैदराबादच्या शोकांतिकेवर पुस्तक लिहिले. गादी गेलेल्या मंत्र्यास तो प्रसंग आक्रमणच दिसणार.

कोणी म्हणेल, परका मनुष्य तरी तटस्थ असेल. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या कॅनडाच्या विद्वानाने १९५० साली हैदराबादच्या मुसलमानांवरील आपत्तीविषयी एक लेख लिहिला. तो परका खरा. पण फाळणीपूर्वी तो लाहोरास शिकवीत होता आणि त्याचे अभ्यासाचे क्षेत्रच हिंदी मुसलमान समाज हे होते. त्याचीही नजर कोठून तरी होतीच. तेव्हा तटस्थ परका हा जो देव्हाऱ्यात बसविलेला देव आहे, तोही मातीचाच निघतो.

यांपैकी कोणास आम्ही खोटारडा म्हणत नाही. परंतु प्रत्येकाची गोष्ट कोठे सुरू होते व कोठे थांबते हे मात्र पाहावे. आपल्या गावोगावच्या सभांत जी गोष्ट सांगितली जाते, ती रझाकारांच्या जुलमाने सुरू होते आणि १७ सप्टेंबरच्या तिरंग्यापाशी संपते. दुसऱ्या काही घरांत जी गोष्ट कुजबुजत सांगितली जाते, ती १३ सप्टेंबरास सुरू होते; त्यापूर्वीचे वर्ष तीत जवळजवळ नसतेच. दोन्ही गोष्टींतील रकमा खऱ्या असू शकतात. एकीत अखेरचे पान फाडलेले आहे, दुसरीत पहिले.

त्या फाडलेल्या अखेरच्या पानावर काय आहे? पोलीस कारवाईनंतर नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे मंडळ पंडित नेहरूंच्या प्रेरणेने संस्थानात फिरले. त्यांचा अहवाल अनेक दशके दप्तरात राहिला. सरदार पटेलांस तो पसंत पडला नाही. त्यात कारवाईच्या वेळी व नंतर मारल्या गेलेल्या माणसांचा अंदाज किमान २७,००० ते ४०,००० असा दिला आहे. सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड ही नावे असून, या चारांतच १८,००० हून कमी माणसे मेली नसावीत, असे मंडळाने म्हटले. मरणारे बहुतांशी मुसलमान होते. मारणाऱ्यांत बाहेरून आलेल्या टोळ्या होत्या, गावचे लोक होते, आणि काही ठिकाणी मंडळाने सरकारी शिपायांकडेही बोट दाखविले. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. त्यावर वाद करण्यास जागा आहे, आणि तो पुराव्यानिशी अवश्य करावा. परंतु त्याच अहवालात रझाकारांच्या जुलमाचा उल्लेख आहे, आणि हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांस वाचविल्याचीही नोंद आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या आड उभे राहून, स्वतः मोठे नुकसान सोसून, त्यांस राखले, असे तो सांगतो. हे विणकर आमच्या सभांतल्या गोष्टीत येत नाहीत, आणि कुजबुजीच्या गोष्टीतही फारसे येत नाहीत. पाने फाडली म्हणजे केवळ अपराधी गळत नाहीत, सज्जनही गळतात.

आमचे पुष्कळ वाचक व्यापारी आहेत. त्यांस हा मुद्दा फार समजावून सांगण्याची गरज नाही. जो मुनीम आरंभीची शिल्लक न ओढता रोजमेळ लिहितो, किंवा दिवाळीस वही पालटताना येणे तेवढे नव्या वहीत घेतो व देणे जुन्या वहीतच ठेवतो, त्यास आपण काय म्हणतो? त्याची एकही रक्कम खोटी नसली, तरी ती वही खोटीच. इतिहासाचेही तसेच आहे. ज्या इतिहासात मागील बाकी नाही व पुढे ओढलेले देणे नाही, तो कितीही सत्य वाक्यांनी भरलेला असला तरी वाचकास फसवितो.

यावर तीन आक्षेप येतील, त्यांचा विचार करू. पहिला असा की, जुनी दुखणी उकरून काय मिळणार? याचे उत्तर हे की, दुखणे गेलेले नाही, केवळ झाकलेले आहे. आणि झाकलेल्या दुखण्यावर पोट भरणारे वैदू दोन्ही समाजांत आहेत. ज्या गोष्टी कागदावर येत नाहीत त्या कानोकानी जातात, आणि कानोकानी जाताना दर पिढीस दुप्पट होतात. दुसरा आक्षेप असा की, रझाकारांचे अत्याचार आधी झाले, तेव्हा नंतरचे मोजावयाचे कशास? रझाकारांचे अत्याचार मोजलेच पाहिजेत, गावागावाने व नावानिशी मोजले पाहिजेत. ते अद्याप तसे मोजले गेले नाहीत, हीच आमची तक्रार आहे. परंतु रझाकाराचा अपराध त्याच्या गावच्या पिंजाऱ्याच्या खात्यावर नावे टाकण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळतो? एकाच्या कर्जासाठी दुसऱ्याचे घर जप्त करता येत नाही, हे प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक आहे.

तिसरा आक्षेप आमच्या राष्ट्रीय वृत्तीच्या बांधवांचा, आणि त्यास उत्तर देणे आम्हांस विशेष अगत्याचे वाटते. ते म्हणतात, असे लिहिल्याने मुक्तिसंग्रामास बट्टा लागेल. आम्ही उलट म्हणतो. हैदराबाद संस्थानातील प्रजेने निजामशाहीविरुद्ध केलेला लढा न्याय्य होता. जे संस्थान चहूबाजूंनी हिंदुस्थानाने वेढलेले होते व ज्याची बहुसंख्य प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागत होती, ते हिंदुस्थानात सामील होणे हे योग्यच झाले. याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. आणि म्हणूनच पुढची साक्ष ऐकण्यास भिण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ज्याची बाजू लंगडी असते तो वकील विरुद्ध साक्षीदार पिंजऱ्यात येऊ नये म्हणून खटपट करतो. ज्याची बाजू बळकट असते तो त्यास बोलू देतो. लढ्याचे न्याय्यत्व एका गोष्टीने ठरते, आणि लढा जिंकल्यानंतरच्या आठवड्यांत निरपराधांचे काय झाले ही दुसरी गोष्ट आहे. दुसरीची कबुली दिल्याने पहिली खोटी पडत नाही. पहिलीच्या आड दुसरी लपविली, तर मात्र पुढील पिढी दोहोंवरही विश्वास ठेवणार नाही.

हे लिहिणारी आमची लेखणीही अंतराळातून उतरलेली नाही. ती मराठी आहे, राष्ट्रीय मताची आहे, आणि धंद्याने वकिलाची असल्यामुळे प्रत्येक गोष्टीत साक्षीपुरावा शोधण्याची तिला खोड आहे. वाचकांनी आमचेही म्हणणे ही वजावट करून घ्यावे. आम्ही इतिहासकारांकडे जे मागतो तेच आपल्याकडूनही देतो, यापलीकडे या कबुलीत काही नाही.

आता कर्तव्य काय, ते सांगतो. जे लोक १९४८ साली दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. अशांपैकी थोडेच उरले आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी व वाचनालयांनी त्यांच्या जबान्या आताच लिहून घ्याव्यात, व त्या दोन्ही आळ्यांतून घ्याव्यात. बार्शीच्या वाटेने रात्री पोरे कडेवर घेऊन निघालेली आई, आणि शरणागतीनंतरच्या आठवड्यात नवरा गमावलेली बाई, या दोघींची जबानी एकाच ग्रंथात, एकाच टायपात छापली जावी. स्त्रियांचे नाव येथे मुद्दाम घेतो, कारण सभांतल्या व्यासपीठावर त्यांस कोणी बोलाविले नाही व सरकारी कागदांत त्यांची नोंद फारशी नाही. प्रत्येक जबानीच्या माथ्यावर चार गोष्टी लिहाव्यात: बोलणारा त्या वेळी कोठे होता, किती वर्षांचा होता, त्याच्या घराचे काय नुकसान झाले, आणि सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेले की कानांनी ऐकलेले. एवढ्या चार ओळींनी पुष्कळ पक्षपाताचे विष उतरते.

दुसरी विनंती व्यापाऱ्यांस. तुमच्या माळ्यावर, जुन्या पेट्यांत, आजोबांच्या वह्या असतील. संवत् २००४ च्या रोजमेळास वाळवी लागू देऊ नका. दुकान कोणत्या दिवशी बंद झाले, कोणत्या दिवशी उघडले, कोणत्या गिऱ्हाइकाचे खाते एका तारखेनंतर कायमचे थांबले, हे त्या वहीत आहे. ती लिहिणाऱ्यास इतिहास लिहावयाचा नव्हता, कोणास दोष द्यावयाचा नव्हता, आपला हिशेब ठेवावयाचा होता; आणि म्हणूनच इतिहासाच्या न्यायालयात तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार क्वचित मिळेल. राजवाडे असल्याच कागदांसाठी गावोगाव पायपीट करीत होते.

तिसरी गोष्ट शिक्षकांस. दर १७ सप्टेंबरला मुलांपुढे भाषण करताना त्यांनी एक प्रश्न मुलांस विचारावयास शिकवावे: ही गोष्ट सांगणारा तेव्हा कोठे उभा होता, आणि त्याने ती कोणत्या दिवशी थांबविली? हा प्रश्न विचारण्याची सवय झालेला मुलगा डफही वाचील, टेलरही वाचील, स्वामीजींच्या आठवणी आदराने वाचील आणि लायक अलीचे पुस्तकही न घाबरता वाचील. त्यास कोणी भडकवू शकणार नाही, कारण भडकविणाऱ्याची पहिली युक्ती पान फाडण्याचीच असते.

टेलर गेला, निजाम गेला, रझाकार गेले, जिल्ह्याचे नावही पालटले. वही मात्र आपल्याच पेढीवर आहे. त्या पिढीतील शेवटची माणसे आहेत तोवर तिची फाटलेली दोन्ही पाने जागेवर लावता येतील. त्यानंतर पुढच्या पिढीच्या हाती केवळ ऐकीव गोष्टी उरतील.